परवान्यांतील एक रकाना

अमेरिकेंतील एखाद्या कौंटीच्या कचेरींत लग्नाचा परवाना मागावयास गेलेल्या जोडप्याला आज जो अनुभव येतो, तो पाहणाऱ्यास फारसा रोमहर्षक वाटणार नाहीं. खिडकीपलीकडे एक कारकून बसलेला असतो. वधू आणि वर बहुधा दोघेंही जातीनें हजर राहतात. ओळख पटविणारा कागद दाखवितात. पूर्ण नांव, वय, जन्मस्थान, पूर्वीं लग्न झालें असल्यास तें केव्हां व कसें संपलें, हें सर्व लिहून देतात. लिहिलेलें खरें आहे अशी शपथ घेतात. फी भरतात आणि कागद घेऊन बाहेर पडतात. हा कागद म्हणजे लग्न नव्हे. न्यूयॉर्क राज्यांत तो ६० दिवस चालतो, कॅलिफोर्नियांत ९० दिवस. तेवढ्या मुदतींत धर्मोपदेशकानें, न्यायाधीशानें किंवा कायद्यानें अधिकार दिलेल्या दुसऱ्या कोणी लग्न लावावयाचें, परवान्यावर सही करावयाची आणि तो कागद पुन्हां सरकारी दप्तराकडे पाठवावयाचा. मग त्याची नोंद होते, आणि त्या नोंदीची नक्कल म्हणजे लग्नाचा दाखला. मुदत टळली तर परवाना फुकट गेला. पुन्हां अर्ज, पुन्हां फी. आपल्याकडे मुहूर्त टळण्याची धास्ती असते, तिकडे परवाना शिळा होण्याची.

श्रोत्यांस यांत एक गोष्ट उलटी वाटेल. आपल्याकडे रूढीप्रमाणें लग्न आधीं लागतें आणि नोंदणीची आठवण मागाहून, पुष्कळदां पारपत्र काढण्याच्या वेळीं, होते. अमेरिकेंत सरकारची अनुमति आधीं आणि मंगलकार्य मागून. शिवाय त्या अनुमतीला नांव दिलें आहे तें ‘लायसन’. बंदूक बाळगण्यास, मोटार हांकण्यास, दारूचें दुकान घालण्यास जो शब्द, तोच संसार थाटण्यासही. जो परवाना देतो तो परवाना नाकारूंही शकतो, हें त्या शब्दांतच आलें. मग खिडकीपलीकडचा कारकून जें देतो ती मेहेरबानी कीं नुसती पोंच? अमेरिकेंतील विवाहाच्या परवान्याचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशीं याच प्रश्नावरचें भांडण आहे; आणि तें भांडण अर्जाच्या नमुन्यांतील एका लहानशा रकान्यावर सर्वांत अधिक माजलें.

कौंटी म्हणजे राज्याचा एक विभाग. आपल्या जिल्ह्याशीं त्याची तुलना करतां येईल. पण साम्य तेथेंच संपतें. जिल्ह्याचा कलेक्टर वरून नेमला जातो; कौंटीचा क्लार्क पुष्कळ राज्यांत स्थानिक मतदारच निवडून देतात. कोठें तो न्यायालयाचें दप्तर सांभाळतो, कोठें जमिनीचीं खतें नोंदवितो, कोठें निवडणुका चालवितो. आणि याच कामांच्या जोडीला लग्नाचे परवाने देतो. गहाणखत आणि विवाह एकाच कचेरींत नोंदले जातात यांत तिकडे कोणाला उणेपणा वाटत नाहीं. मात्र निवडून येणाऱ्या माणसाला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मतावर जगावें लागतें, एवढी गोष्ट पुढील हकीकतींत ध्यानांत ठेवलेली बरी.

परवान्याची मूळ कल्पना इंग्लंडच्या धर्मपीठाची. मध्ययुगांत तेथें असा नियम होता कीं, लग्नापूर्वीं तीन रविवारीं किंवा सणाच्या दिवशीं वधूवरांचीं नांवें चर्चमध्यें भर सभेंत वाचावीं, आणि कोणास हरकत असल्यास त्यानें तेथेंच उठून ती सांगावी. हेतु चांगला होता. पहिली बायको जिवंत असतां ती लपवून दुसरी करणारा, किंवा निषिद्ध नात्यांत लग्न करणारा, वेळींच उघडकीस यावा हा तो हेतु. पण ज्यांच्यापाशीं पैसा होता त्यांना आपलें नांव तीन आठवडे गांवभर गाजावें हें रुचत नसे. त्यांच्यासाठीं बिशप फी घेऊन, शपथेवर निवेदन आणि जामीनखत लिहून घेऊन, या जाहीर वाचनाची सूट देई. त्या सूटपत्राचें नांव लायसन. म्हणजे मुळांत परवाना ही विवाहाची परवानगी नव्हतीच. चारचौघांच्या तोंडीं लागण्यापासून पैसे देऊन मिळविलेली ती मोकळीक होती. १७५३ सालीं लॉर्ड हार्डविक यांच्या कायद्यानें इंग्लंड व वेल्समध्यें ज्यू आणि क्वेकर सोडून सर्वांना जाहीर वाचन किंवा परवाना यांपैकीं एक सक्तीचें केलें. तो कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून घाईचीं जोडपीं सरहद्द ओलांडून ग्रेटना ग्रीन या खेड्यांत जाऊं लागलीं. समुद्रापलीकडच्या वसाहतींनाही तो लागू नव्हता.

अमेरिकेंत गेलेल्या लोकांनीं आपापल्या प्रकृतीप्रमाणें वाटा धरल्या. न्यू इंग्लंडमधील प्यूरिटनांना विवाह हा धर्मसंस्कार वाटत नसे. प्लिमथच्या वसाहतींत १६२१ सालीं झालेलें पहिलें लग्न मॅजिस्ट्रेटनें लावलें. दक्षिणेकडे व्हर्जिनियांत जाहीर वाचन किंवा परवाना ही मायदेशची रीत राहिली. परंतु वसाहतींत बिशप नव्हता, म्हणून परवान्याचें काम कौंटीच्या कचेरीकडे आलें. पुढें वस्ती पश्चिमेकडे सरकूं लागली. जेथें धर्मोपदेशक वर्षांतून एकदां घोड्यावरून यावयाचा, तेथें परवान्यासाठीं कोण अडून बसणार? न्यूयॉर्कच्या न्यायालयानें १८०९ सालीं असें ठरविलें कीं, दोघांनीं परस्परांस पतिपत्नी म्हणून स्वीकारलें असेल तर विधीवांचूनही विवाह सिद्ध होतो. आणि अनेक राज्यांनीं तोच मार्ग पत्करला. वारसाहक्काचे तंटे, अल्पवयीन मुलींचीं लग्नें, आणि जन्ममृत्यूप्रमाणें विवाहांचीही गणना करण्याची नवी हौस, यांमुळें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दोर पुन्हां आंवळला गेला. विसाव्या शतकांत परवाना हीच सर्वत्र राजरोस वाट झाली.

वाट झाली तशा पळवाटाही झाल्या. कॅलिफोर्नियानें १९२७ सालीं अर्ज आणि परवाना यांमध्यें तीन दिवसांचें अंतर सक्तीचें केलें, तेव्हां हॉलिवुडच्या नटनटी मोटारींत बसून ॲरिझोनांतील यूमा गांठूं लागल्या. पूर्वेकडे मेरिलंडमधील एल्क्टन या लहान गांवीं असा विलंब नसल्यामुळें १९३८ सालीं तेथेंही ४८ तासांचा नियम येईपर्यंत लग्नांचा बाजारच भरला होता. १९३५ सालीं कनेक्टिकटनें उपदंशाची तपासणी दोघांनाही सक्तीची केली आणि इतर राज्यांनीं तिचें अनुकरण केलें. ती प्रथा पुढें हळूहळू मोडली. १९८८ सालीं इलिनॉय राज्यानें एड्सच्या विषाणूची तपासणी परवान्याला जोडतांच तेथील जोडपीं शेजारच्या राज्यांत जाऊन लग्न करूं लागलीं, आणि दुसऱ्याच वर्षीं सरकारला तो कायदा मागें घ्यावा लागला. हा सर्व भाग गमतीचा आहे. गमतीचा नव्हे तो भाग ‘वर्ण अथवा वंश’ या रकान्याचा.

कॅलिफोर्निया १८५० सालीं संघराज्यांत दाखल झालें आणि त्याच वर्षीं तेथील विधिमंडळानें गोरा माणूस आणि निग्रो किंवा मिश्ररक्ताचा माणूस यांचा विवाह रद्दबातल ठरविला. १८८० सालीं, चिनी मजुरांविरुद्ध लोकमत पेटलें असतां, परवान्यासंबंधींच्या कलमांत ‘मंगोल’ हा शब्द घालण्यांत आला. विवाह रद्दबातल ठरविणाऱ्या मूळ कलमांत तोच शब्द आला तो मात्र १९०५ सालीं. मधलीं २५ वर्षें गोरा आणि चिनी यांचा विवाह कायद्यानें रद्दबातल नव्हता. फक्त खिडकीवर त्याचा परवाना मिळत नव्हता. कायदा जें बोलावयास कचरत होता तें त्यानें आधीं कारकुनाच्या तोंडून वदविलें. यापुढची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. १९३३ सालीं लॉस एंजेलिस येथें एका फिलिपिनो वरानें न्यायालयांत असें मांडलें कीं, आपण मंगोल नसून मलय आहों, आणि मलयांचें नांव कायद्यांत कोठेंच नाहीं. अपील न्यायालयानें तें मान्य करून परवाना देवविला. विधिमंडळानें त्याच वर्षीं दोन्ही कलमांत ‘मलय’ हा शब्द घालून वाट बुजवून टाकली. बाजारांत नवीन जिन्नस आला म्हणजे जकातीच्या यादींत नवी ओळ घालावी, तसा हा प्रकार.

या चार नांवांच्या यादींत हिंदुस्थानांतील माणसाचें नांव नव्हतें. मेक्सिकोच्या सरहद्दीवरील इंपीरियल कौंटींत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून पंजाबी शेतकरी कापूस पिकवीत होते. त्यांतले बहुतेक शीख, कांहीं मुसलमान, थोडे हिंदू. पण स्थानिक लोक त्या सर्वांनाच ‘हिंदू’ म्हणत. १९१७ च्या परदेशगमनविषयक कायद्यानें आशियांतून येणारांस दार बंद झालें, तेव्हां देशांतून बायको आणण्याची किंवा नवी करून आणण्याची आशा राहिली नाहीं. याच सुमारास मेक्सिकोंतील क्रांतीच्या धामधुमींतून निघालेलीं कुटुंबें कापूस वेंचण्यासाठीं तेथें आलीं होतीं. शेताच्या बांधावर ओळखी झाल्या आणि जोडपीं एल सेंट्रो येथील कौंटीच्या कचेरींत परवान्यासाठीं उभीं राहूं लागलीं.

आतां कारकुनानें काय लिहावें? वर मंगोल नव्हे, निग्रो नव्हे, मलयही नव्हे. १९२३ सालीं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें हिंदी माणूस कायद्याच्या अर्थानें ‘गोरा’ नव्हे असा निकाल दिला. वधू मेक्सिकन; ती मात्र कायद्याच्या हिशेबीं बहुधा गोरी. अशा वेळीं कारकून माणसाकडे पाही. दोघांचा रंग डोळ्यांना एकसारखा दिसला तर रकान्यांत दोघांपुढेंही ‘गव्हाळ’ अशा अर्थाचा एकच शब्द लिही आणि परवाना देई. वधू उजळ वर्णाची दिसली तर कांकूं करी. एका कौंटींत नाकारलेलें जोडपें दुसऱ्या कौंटींत, नाहींतर ॲरिझोना वा न्यू मेक्सिको या राज्यांत, नशीब काढी. कॅरन लेनर्ड या विदुषींनीं या कुटुंबांचा कसोशीनें अभ्यास केला आहे. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथावरून कॅलिफोर्नियांतील अशा मिश्र कुटुंबांची संख्या पावणेचारशेंच्या आसपास भरते. त्या मुलांचीं नांवें स्पॅनिश आणि आडनांवें पंजाबी असत. वधू अमेरिकेची नागरिक असेल तर तिला आणखी एक किंमत द्यावी लागे. १९२२ च्या केबल कायद्याप्रमाणें, नागरिकत्वास अपात्र ठरलेल्या परदेशीयाशीं विवाह करणारी स्त्री स्वतःचें नागरिकत्व गमावी; हा जाच १९३१ पर्यंत टिकला. एवढ्या सर्व गोष्टी एका कारकुनाच्या नजरेवर आणि त्याच्या टांकांतील एका शब्दावर अवलंबून होत्या.

ज्या शब्दानें इंपीरियल कौंटींत दार उघडलें, तोच शब्द न लिहिल्यामुळें लॉस एंजेलिसमध्यें तें बंद झालें. अँड्रिया पेरेझ ही मेक्सिकन वंशाची तरुणी आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस हा कृष्णवर्णीय तरुण यांची ओळख युद्धकाळांत बरबँक येथील लॉकहीडच्या विमानकारखान्यांत झाली. त्या कारखान्याच्या दारांत दोघांना एकत्र आणणारें कारणही ऐतिहासिक आहे. १९४१ च्या जूनमध्यें अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं युद्धसामग्रीच्या उद्योगांत वर्णावरून नोकरी नाकारूं नये असा हुकूम काढला होता, आणि तोंवर बंद असलेलीं दारें कृष्णवर्णीय कामगारांना किलकिलीं झालीं होतीं. १९४७ च्या ऑगस्टमध्यें हीं दोघें कौंटीच्या कचेरींत गेलीं. वराच्या रकान्यांत ‘निग्रो’ आणि वधूच्या रकान्यांत ‘गोरी’ असें लिहिलें गेलें. १८४८ च्या तहानें मेक्सिकोचा प्रदेश अमेरिकेकडे आला त्या वेळीं तेथील रहिवाशांना नागरिकत्व मिळालें होतें, आणि तेव्हांपासून मेक्सिकन माणूस कायद्याच्या कागदावर गोरा गणला जात असे. समाजांत त्याला गोऱ्याचा मान मिळे असें मुळींच नव्हे. पण गोरेपणाची बंधनें मात्र मिळत. कौंटी क्लार्क डब्ल्यू. जी. शार्प यांच्या कचेरीनें कलम ६९ दाखवून परवाना नाकारला.

दोघेंही कॅथलिक पंथाचीं होतीं. त्यांचे वकील डॅनियल मार्शल हे वर्णभेदाविरुद्ध काम करणाऱ्या कॅथलिक मंडळींपैकीं एक. त्यांनीं खालच्या न्यायालयांत वेळ न दवडतां थेट कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेतली, आणि मागणी केली ती एवढीच कीं, क्लार्कला त्याचें काम करण्याचा हुकूम व्हावा. त्यांचा युक्तिवाद मोठा मार्मिक होता. कॅथलिक धर्म विवाहाला संस्कार मानतो आणि भिन्नवर्णीयांचा विवाह निषिद्ध मानीत नाहीं. तेव्हां कागद नाकारून सरकार या दोघांना धर्माचरणापासूनच रोखीत आहे, असें त्यांनीं मांडलें. कौंटीच्या बाजूनें वंशशुद्धि, संततीचें हीनत्व आणि समाजांतील तेढ या जुन्याच गोष्टी पुढें करण्यांत आल्या. महायुद्ध संपून दोन वर्षेंही पुरतीं लोटलीं होतीं न होतीं. असल्या वंशशास्त्रानें युरोपांत काय केलें तें जगानें पाहिलें होतें.

१ ऑक्टोबर १९४८ रोजीं निकाल लागला. सात न्यायाधीशांपैकीं चार एका बाजूस, तीन दुसऱ्या बाजूस. मुख्य निकालपत्र रॉजर ट्रेनर यांनीं लिहिलें. त्यांनीं प्रश्न विवाहाच्या बाजूनें धरला, वंशाच्या बाजूनें नव्हे. रेल्वेच्या एका डब्यांत मज्जाव झालेल्या प्रवाशाला तसाच दुसरा डबा देतां येतो असें म्हणणारे कायदेपंडित होते. पण जिच्यावर मन बसलें ती व्यक्ति नाकारून तिच्या जागीं दुसरी देतां येत नाहीं, हें त्यांच्या विवेचनाचें सार. दुसरा मुद्दा रोखठोक, कचेरींतलाच होता. कायद्यांत मिश्ररक्ताचा उल्लेख आहे, परंतु किती मिश्रण म्हणजे मिश्ररक्त, हें कोठेंच सांगितलेलें नाहीं. आजा निग्रो असेल तर? पणजा असेल तर? आणि ज्याच्या पूर्वजांत अनेक वंश आहेत त्याला कोणत्या रकान्यांत बसवावयाचें? ज्या कायद्याचा अर्थ विधिमंडळालाच ठाऊक नाहीं, तो क्लार्कनें अर्जदाराचें तोंड पाहून लावावा, हें समान संरक्षणाच्या तत्त्वाशीं जुळत नाहीं असें त्यांनीं ठरविलें. न्यायमूर्ति कार्टर यांनीं आपल्या स्वतंत्र मतपत्रांत कौंटीच्या दाव्यांशेजारीं हिटलरच्या ग्रंथांतील उतारे ठेवून दोहोंतील साम्य दाखविलें. न्यायमूर्ति एडमंड्स यांनीं मात्र धर्मस्वातंत्र्याचाच आधार घेतला; मार्शल यांच्या युक्तिवादानें जिंकलेलें एक मत तेंच, आणि तेंच निर्णायक ठरलें.

विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ति शेंक यांचें म्हणणें नुसतें द्वेषाचें होतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. असे कायदे राज्याच्या जन्मापासून आहेत, देशभर न्यायालयांनीं ते मान्य केले आहेत, आणि कोणता कायदा शहाणपणाचा हें ठरविण्याचें काम विधिमंडळाचें आहे, न्यायाधीशाचें नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. तर्क म्हणून ती सुसंगत आहे. पण अठ्ठ्याण्णव वर्षें चाललेला अन्याय अठ्ठ्याण्णव वर्षें चालला एवढ्यावर न्याय कसा होतो, याचें उत्तर तींत सांपडत नाहीं. परवाना मिळाला आणि पुढें विवाह झाला. त्या वेळीं देशांतील निम्म्याहून अधिक राज्यांत असे कायदे जारी होते. कॅलिफोर्नियानेंही आपलीं मेलेलीं कलमें पुस्तकांतून पुसलीं तीं १९५९ सालीं.

परवान्याच्या बदल्यांत एखादें वाक्य लिहून घेण्याची ही सक्ति हिंदुस्थानालाही नवी नव्हती. १८७२ च्या विवाहविषयक कायद्याप्रमाणें रजिस्ट्रारसमोर लग्न करूं इच्छिणाऱ्या वधूवरांस आपण ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म मानीत नाहीं असें लिहून द्यावें लागे. जातीबाहेर लग्न करणाऱ्या हिंदूनें आधीं हिंदुत्वच नाकारावें, असा तो पेंच होता. विठ्ठलभाई पटेल यांनीं १९१८ सालीं आंतरजातीय विवाह वैध ठरविणारें बिल मध्यवर्ती कायदेमंडळांत मांडलें. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं त्याला उघड पाठिंबा दिला आणि १९१९ सालीं आपल्या संस्थानांत तसा कायदाही केला. हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नानें १९२३ सालीं हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांची त्या वाक्यांतून सुटका झाली. इतरांची १९५४ च्या कायद्यानें. तिकडे माणसाला आपण काय आहों तें लिहावें लागे, इकडे काय नाहीं तें. कारकुनापुढील संकोच एकच.

या विषयांत सर्वांत चिवटपणा दाखविला तो व्हर्जिनियानें. १९२४ च्या मार्चमध्यें तेथें वंशशुद्धीचा कायदा झाला. त्याची व्याख्या अशी कीं, ज्याच्या अंगांत गोऱ्याखेरीज दुसऱ्या रक्ताचा लवलेशही नाहीं तोच गोरा. मात्र पोकाहॉन्टस या आदिवासी राजकन्येचे वंशज म्हणविणारीं बडीं घराणीं राज्यांत होतीं, म्हणून आदिवासी रक्ताचा सोळावा हिस्सा माफ करण्यांत आला. क्लार्कवर असें बंधन घातलें कीं, अर्जांत लिहिलेला वंश खरा असल्याची खात्री झाल्यावांचून परवाना देऊं नये.

कायदा होऊन वर्षही झालें नव्हतें तोंच रॉकब्रिज कौंटींत त्याची परीक्षा झाली. क्लार्कनें दोन निरनिराळ्या जोडप्यांना परवाने नाकारले. संशय एवढाच कीं वधूच्या जुन्या नात्यांत कोणी तरी काळा असावा. दोन्ही प्रकरणें न्यायाधीश हेन्री होल्ट यांच्यापुढें आलीं. पहिल्यांत त्यांनीं क्लार्कचें म्हणणें उचलून धरलें. दुसऱ्यांत मात्र त्यांनीं पिढ्यांचें गणित मांडलें. माणसाचे आईबाप दोन, आजेआज्या चार, पणजेपणज्या आठ. अशा पंचवीस पिढ्या मागें गेलें तर पूर्वजांची संख्या तीन कोटींवर जाते. त्या सगळ्यांत लवलेशही नाहीं हें शपथेवर कोण सांगूं शकेल? त्यांनीं परवाना देण्याचा हुकूम केला. व्हर्जिनियाचे जन्ममृत्यूनोंदणीचे अधिकारी वॉल्टर प्लेकर यांनीं अपील केलें नाहीं. वरच्या न्यायालयांत कायदाच बुडण्याचा संभव होता. पण त्यांची निष्ठा ढळली नाहीं. १९४३ सालीं त्यांनीं कौंटीकौंटींतील अधिकाऱ्यांना संशयित घराण्यांच्या आडनांवांची कौंटीवार यादीच पाठविली.

याच राज्याच्या कॅरोलाइन कौंटींतील रिचर्ड लव्हिंग आणि मिल्ड्रेड जेटर यांनीं १९५८ च्या जूनमध्यें परवाना वॉशिंग्टन शहरांतून काढला आणि लग्न करून घरीं परत आलीं. पांच आठवड्यांनीं पोलीस रात्रीं त्यांच्या निजण्याच्या खोलींत शिरले. भिंतीवर लग्नाचा दाखला टांगलेला होता. त्याची येथें मातब्बरी नाहीं असें उत्तर मिळालें. न्यायाधीशानें एक वर्षाची शिक्षा सांगितली आणि पंचवीस वर्षें दोघांनीं मिळून राज्यांत पाऊल ठेवूं नये या अटीवर ती तहकूब केली. १२ जून १९६७ रोजीं संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें हे सर्व कायदे घटनाबाह्य ठरविले. त्या दिवशीं ते सोळा राज्यांत शिल्लक होते. निकालपत्र सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांचें. १९४८ सालीं पेरेझ यांचा निकाल लागला तेव्हां कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर हेच वॉरन होते.

बंदी गेली, रकाना राहिला. आतां तो गणतीसाठीं आहे असें सांगण्यांत येऊं लागलें. मधल्या काळांत मेहेरबानी कीं पोंच हा जुना प्रश्न दुसऱ्या बाजूनें उभा राहिला. २०१५ च्या जूनमध्यें समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क सर्वोच्च न्यायालयानें मान्य केल्यावर केंटकी राज्यांतील रोवन कौंटीच्या क्लार्क बाईंनीं धर्मबुद्धीस स्मरून कोणालाच परवाना देण्याचें थांबविलें, आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना पांच दिवस तुरुंगांत राहावें लागलें. परवान्यावर आपलें नांव छापलेलें असतें, ही त्यांची मुख्य तक्रार. विधिमंडळानें २०१६ सालीं नमुनाच बदलून क्लार्कचें नांव त्यावरून काढून टाकलें. क्लार्कचें नांव काढल्यावरही परवाना पूर्ववत् चालतो असें तेव्हां दिसून आलें.

व्हर्जिनियांत २०१९ च्या सप्टेंबरपर्यंत वंश लिहिल्यावांचून परवाना मिळत नसे. त्या महिन्यांत तीन जोडप्यांनीं संघराज्याच्या न्यायालयांत फिर्याद केली. त्यांतील एका जोडप्यानें परवाना मागितला होता तो रॉकब्रिज कौंटींत, म्हणजे जेथें न्यायाधीश होल्ट यांनीं पंचाण्णव वर्षांपूर्वीं पिढ्यांचें गणित मांडलें होतें त्याच ठिकाणीं. तेथील कचेरींत अर्जदारांच्या सोयीसाठीं वंशांची एक यादी ठेवलेली होती. तींत दोनशेंहून अधिक नांवें होतीं. त्यांत ‘आर्य’ होतें, ‘मूर’ होतें, आणि गुलामगिरीच्या काळांत रक्ताचा चौथा नि आठवा हिस्सा मोजणारे शब्दही होते. ११ ऑक्टोबर २०१९ रोजीं न्यायाधीश रॉसी ॲल्स्टन यांनीं वंश सांगण्याची सक्ति घटनाबाह्य ठरविली, आणि पुढच्या वर्षीं विधिमंडळानें ती तरतूद कायद्यांतून काढून टाकली.